विषाणूंतला प्लॅटिपस
1799 साली ऑस्ट्रेलियातून आलेले प्लॅटिपसचे कातडे पाहून ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज शॉ चक्रावला. अंग केसाळ, चोच मात्र बदकाची! कुणी लबाडाने जोडली तर नसेल?

तसाच अचंबा 2013 साली पुन्हा घडला. पर्थजवळ उरल्यासुरल्या रानात गाढवाच्या कानांसारख्या पाकळ्यांचे ऑर्किड फुलते. त्याची 264 झाडे तपासली. दोहोंत अगदी नवा विषाणू निघाला. पूर्वीचे संशोधक पानावरचा डाग पाहून विषाणूच्या मागे लागत. इथे डागच नव्हता! पानातला जनुकीय मजकूर यंत्राने वाचला, तेव्हा हा पाहुणा सापडला. त्याची काही प्रथिने एका कुळाशी जुळणारी, काही भलत्याच. संशोधकांनी त्याला विषाणूंतला प्लॅटिपसच म्हटले. रानात परत लावायची रोपे हिरवीगार आहेत, एवढ्यावरून आता ती निर्धोक मानता येत नाहीत.