जुनी टूरिंग मोटारसायकल घ्यावी की न घ्यावी? पेडणे-डिचोलीच्या ग्राहकांसाठी मार्गदर्शन

पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांची सीमा सिंधुदुर्ग जिल्ह्याला लागून आहे. पत्रादेवीचा नाका ओलांडला की सावंतवाडीचा रस्ता लागतो आणि डिचोलीहून निघाले की थोड्याच वेळात दोडामार्ग येते. नोकरी, सोयरीक, बाजार आणि जत्रा यांसाठी येथील माणसे ही सीमा सतत ओलांडत असतात. त्यामुळे जुनी मोटारसायकल शोधणाऱ्याच्या नजरेसमोर गोव्याच्या ‘जीए’ क्रमांकाच्या गाड्यांबरोबरच सिंधुदुर्गाच्या ‘एमएच-०७’, कोल्हापूरच्या ‘एमएच-०९’ आणि बेळगावच्या ‘केए-२२’ क्रमांकाच्या गाड्याही येतात. पलीकडची गाडी अनेकदा स्वस्त वाटते. ती खरोखर स्वस्त आहे का, हे मात्र इंजिनाचा आवाज ऐकून ठरत नाही. ते ठरते गाडी कुठे राबली आणि तिचे कागद कुणाच्या नावावर आहेत यावरून.

आधी गरज, मग गाडी

टूरिंग मोटारसायकल म्हणजे लांबच्या प्रवासासाठी घडवलेली गाडी. मोठी टाकी, ताठ बसता येईल अशी बैठक, सामान बांधण्याची सोय आणि खराब रस्ता सोसणारे सस्पेन्शन ही तिची लक्षणे. रॉयल एनफिल्डची २०१६ मध्ये आलेली ४११ सीसी हिमालयन हे त्याचे परिचित उदाहरण. तिची टाकी १५ लिटरची, जमिनीपासूनची उंची २२० मिलिमीटर आणि वजन १९० ते २०० किलोंच्या दरम्यान आहे. चोर्ला किंवा आंबोली घाटात हे वजन गाडीला स्थैर्य देते. तेच वजन वाड्यावरच्या अरुंद वाटेवर, पावसाळ्यातल्या चिखलात किंवा अंगणात गाडी वळवताना जड जाते. हिरोची एक्सपल्स २०० ही १५० ते १६० किलोंची गाडी अशा ठिकाणी सोयीची ठरते, मात्र महामार्गावर सलग वेगाने धावण्याची तिची क्षमता मर्यादित आहे.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, की वर्षातून किती दिवस ही गाडी घाट चढणार आहे? रोज मोपा विमानतळावर किंवा म्हापशाला कामाला जाणे आणि वर्षातून दोन वेळा बेळगाव-कोल्हापूर, एवढाच वापर असेल तर साधी १५० ते २०० सीसीची दुचाकी पुरेशी आहे. दोन सहलींसाठी वर्षभर जड गाडीचा विमा, टायर आणि देखभाल सोसण्यात हशील नाही. महिन्यातून एखादी लांबची फेरी होत असेल आणि मागे माणूस व सामान असेल, तर मात्र टूरिंग गाडीचा विचार रास्त ठरतो.

नवी की जुनी : कराने बदललेले गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकींवरील वस्तू व सेवा कराचे दर बदलले. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३५० सीसीवरील गाड्यांवर पूर्वी २८ टक्के कर आणि ३ टक्के उपकर होता, तेथे आता ४० टक्के कर आहे. जुन्या गाडीच्या किमतीवर याचे दोन परस्परविरोधी परिणाम होतात.

क्लासिक ३५० किंवा मिटिऑर ३५० यांसारख्या गाड्यांचे इंजिन ३४९ सीसीचे असल्याने त्या नव्या घेणे स्वस्त झाले. विक्रेता आपली जुनी गाडी पूर्वीच्या नव्या दराशी तुलना करून विकू पाहत असेल, तर ती तुलना आता लागू नाही. आजचा नवा दर विचारूनच घासाघीस करावी. याउलट ४०० सीसीच्या वर्गात नवी गाडी कराने महागल्यामुळे सुस्थितीतील जुन्या गाडीला भाव टिकून राहतो. अशा गाडीसाठी कुणी फारच कमी किंमत सांगत असेल, तर आनंद होण्याआधी कारण शोधावे.

उत्पादनाचे वर्षही पाहावे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या गाडीत ते असेलच असे नाही. पावसाळ्यात निसरड्या होणाऱ्या आपल्या रस्त्यांवर हा फरक जिवाशी संबंधित आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले, तर एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला अनुरूप बनवले जातात. त्याआधीच्या गाडीत पेट्रोलच्या नळ्या आणि रबरी सील कडक झाले आहेत का, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे.

गाडी कुठे राबली?

याच दोन तालुक्यांत गाडी वेगवेगळ्या प्रकारे झिजते. मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या किनारी भागात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीला खारा वारा खातो. वरचा रंग चकचकीत असला तरी गंज लपतो तो चाकाच्या आऱ्यांच्या मुळाशी, सायलेन्सरच्या खालच्या बाजूस, स्विंगआर्मच्या जोडांवर आणि विजेच्या तारांच्या जोडांत. दिवे मंद-प्रखर होणे, हॉर्न अडखळणे ही त्याची बाहेरून दिसणारी खूण.

डिचोली आणि साखळी परिसरात खाणींच्या आणि ट्रकांच्या वाटेवरची लाल धूळ हे दुसरे कारण. ही धूळ एअर फिल्टरमध्ये, साखळीत आणि पुढच्या फोर्कच्या ऑइल सीलमध्ये शिरते. फोर्कच्या नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर लाल थर दिसला, तर सील गेले आहे असे समजावे.

तिसरे कारण पुराचे. जुलै २०२१ मध्ये डिचोली, सत्तरी आणि पेडणे या तालुक्यांना पुराने मोठा तडाखा दिला. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून पुन्हा सुरू होते, पण वायरिंग आणि बेअरिंगमध्ये शिरलेले पाणी वर्षांनंतरही त्रास देते. इंजिन ऑइल दुधट दिसणे, मीटरच्या काचेआड ओल असणे, सीटखाली आणि बॅटरीच्या खाचेत वाळलेल्या गाळाच्या रेषा असणे ही त्याची चिन्हे आहेत.

चौथे कारण भाड्याचे. ‘रेंट अ बाईक’ गाडीच्या पाटीवर काळ्या रंगावर पिवळी अक्षरे असतात. अशा गाडीवर शेकडो अनोळखी हातांचा वापर झालेला असतो. ती घ्यायचीच असेल तर आधी मालकाने ती खासगी वर्गात बदलून द्यावी, असा आग्रह धरावा. ते काम ग्राहकाने अंगावर घेतले तर खर्च आणि हेलपाटे दोन्ही त्याच्या वाट्याला येतात. खासगी क्रमांकाची गाडी भाड्याने देणे बेकायदेशीर असले तरी ते प्रकार घडतात. पांढरी पाटी म्हणजे एकहाती वापर, हे गृहीत धरू नये.

पाहणी कशी करावी?

गाडी सकाळी आणि थंड इंजिनाने पाहावी. आपण पोहोचण्यापूर्वी ती सुरू करून ठेवू नये, असे विक्रेत्याला आधीच सांगावे. इंजिनावर हात ठेवला की ते आधी तापवले होते का हे कळते. निळसर धूर इंजिन तेल जाळत असल्याचे सांगतो, तर काळा धूर पेट्रोलचे प्रमाण जास्त असल्याचे. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलावे आणि हँडल हळूहळू फिरवावे. मधोमध अडल्यासारखे वाटले तर कोनसेट खराब आहे. हँडल सरळ असूनही गाडी एका बाजूला ओढत असेल, तर फोर्क किंवा सांगाडा अपघातात वाकल्याची शक्यता असते.

टायरच्या बाजूवरील चार आकडे त्याचे वय सांगतात. ‘३५२१’ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. मीटरवर दहा हजार किलोमीटर असताना पायखुंटीचे आणि ब्रेकच्या पॅडलचे रबर गुळगुळीत झाले असेल, ब्रेकच्या डिस्कला कडेने उंचवटा आला असेल, तर मीटरवर विश्वास ठेवू नये. साखळी मागच्या स्प्रॉकेटवरून बोटाने ओढून पाहावी. ती दात सोडून वर येत असेल तर साखळी आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलण्याचा खर्च धरावा. चाचणीसाठी सपाट रस्ता पुरेसा नाही. मागे माणूस बसवून एखादा चढ चढावा. इंजिन गरगरते पण गाडी वेग घेत नाही, असे झाल्यास क्लच प्लेट संपल्या आहेत.

क्रमांक कुणाचा, गाडी कुणाची?

परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर वाहनाचा क्रमांक टाकून नोंदणीची तारीख, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि कर्जाचा बोजा पाहता येतो. ई-चलनाच्या संकेतस्थळावर थकलेला दंड कळतो. इंजिन आणि चेसिसवर कोरलेले क्रमांक आरसीशी स्वतः पडताळावेत. बोजा असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि नमुना ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

गाडी गोव्यातलीच असेल, उदाहरणार्थ डिचोलीची ‘जीए-०४’ किंवा पेडण्याची ‘जीए-११’, तर काम सोपे असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विक्रेत्याने १४ दिवसांत नमुना २९ द्वारे कळवायचे आणि खरेदीदाराने ३० दिवसांत नमुना ३० द्वारे अर्ज करायचा असतो. गाडी परराज्यातली असेल तर तेथील नोंदणी अधिकाऱ्याचा ना हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, लागतो. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवायची असल्यास कलम ४७ नुसार तेथे नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासोबत गोव्याचा रस्ता करही भरावा लागतो. मूळ राज्यात आधी भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो स्वतंत्र अर्जाचा विषय आहे. हा कर, हेलपाटे आणि वाट पाहण्याचे दिवस जमेस धरल्यावर दोडामार्गपलीकडच्या गाडीची स्वस्ताई पुष्कळदा विरून जाते.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. तेरा-चौदा वर्षांची गाडी घेताना हा खर्च दाराशी उभा असतो.

विक्रेत्यासाठीही हा विषय तितकाच गंभीर आहे. सह्या केलेले कोरे नमुने देऊन गाडी सोपवण्याची पद्धत अजून दिसते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले, की नोंदणीवर ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. त्या प्रकरणात गाडी हातोहात अनेकांकडे गेली होती, तरीही नोंदणीवरील मूळ मालक सुटला नाही. दुकानदारामार्फत व्यवहार होत असेल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तो अधिकृत वाहन विक्रेता आहे का, हे विचारावे. अशा विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याची सूचना नमुना २९-सी द्वारे द्यायची असते आणि तीच जुन्या मालकाचे संरक्षण असते.

विमा आणि अखेरचा हिशेब

गाडी हस्तांतरित झाली की तृतीय पक्ष विमा कायद्याने नव्या मालकाकडे येतो, परंतु विमा कंपनीच्या दप्तरी नाव बदलण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई नाव बदलल्याशिवाय मिळेल असे धरून चालू नये. ‘नो क्लेम बोनस’ मालकाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळे विक्रेता भरतो तेवढाच हप्ता आपल्याला बसत नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीचा वार्षिक तृतीय पक्ष हप्ता १,३६६ रुपये, तर ३५० सीसीवरील दुचाकीचा २,८०४ रुपये आहे. कर वेगळा.

आता कागद घेऊन बसावे. मागितलेल्या किमतीत टायर, साखळी-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, ऑइल आणि पाहणीत सापडलेल्या दोषांचा खर्च मिळवावा. हस्तांतर शुल्क, विमा आणि परराज्यातील गाडी असल्यास गोव्याचा कर मिळवावा. ही बेरीज त्याच वर्गातील नव्या गाडीच्या रस्त्यावरील किमतीजवळ जात असेल, तर नवी घ्यावी. पुरेसे अंतर राहत असेल, गाडी एकाच मालकाची असेल, सर्व्हिसची नोंद सलग असेल आणि विक्रेता स्वतः वाहतूक खात्याच्या कार्यालयात सोबत यायला तयार असेल, तर जुनी टूरिंग गाडी हा शहाणा व्यवहार आहे.

विक्रेता कार्यालयात यायचे टाळत असेल, तर गाडी कितीही देखणी असो, तिथेच थांबावे. घाटात बिघडलेली गाडी मेकॅनिक दुरुस्त करू शकतो. दुसऱ्याच्या नावावर राहिलेली गाडी अपघाताच्या दिवशी दोन कुटुंबांना एकाच वेळी अडचणीत आणते.