वर्धा डब्ल्यूने, वामनराव व्हीने

मागच्या हिवाळ्यात एका वीकान्ताला हिंगणीला गेलो होतो. सेलूहून बोर धरणाकडे जाताना हे गाव लागतं. पुण्या-मुंबईचे लोक तिथून गाड्या पळवत बोर व्याघ्र प्रकल्पाकडे जातात आणि वाघ नाही दिसला की परतताना हिंगणीत चहा पितात. माझे मामाजी तिथे राहतात. त्यांचं खरं नाव इथे देत नाही, सोयीसाठी वामनराव म्हणू.

दुपारी जेवणं झाल्यावर मामाजींनी एक पत्र्याची पेटी पुढ्यात आणून ठेवली. आत प्लास्टिकच्या पिशवीत कागद. सातबारा, पासबुक, आधार, रेशन कार्ड, शाळेचा दाखला. एका कार्यालयात (कुठलं ते जाऊ द्या) त्यांचं काम अडलं होतं. कारण, नाव जुळत नाही! मी कागद मांडून बसलो. सातबाऱ्यावर देवनागरीत वामन, दाखल्यावरही वामन. पासबुकावर मात्र रोमनमध्ये डब्ल्यूने सुरू होणारा वामन, आधारवर व्हीने सुरू होणारा, आणि एके ठिकाणी त्याला चिकटून 'जी' (आमच्या विदर्भात 'जी' लावल्याशिवाय कोणाचं नाव घेत नाहीत, आणि लिहून घेणारा जसं ऐकतो तसं लिहितो). मामाजी म्हणाले, "मी समोर उभा आहो ना बाप्पा! तरी तो पोरगा म्हणते, कम्प्युटर म्हणते तुम्ही ते नाही."

सगळे हसले. मीही हसलो. पण मला जरा घाम फुटला होता, कारण असा 'कम्प्युटर' मी स्वतः लिहिलेला आहे.

ते सांगतोच, पण आधी थोडा इतिहास.

१९१८ साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या रॉबर्ट रसेल यांना एका युक्तीचं पेटंट मिळालं. नावं स्पेलिंगवर लावण्याऐवजी उच्चारावर लावायची. नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, पुढचे स्वर टाकून द्यायचे आणि सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. या युक्तीचं पुढे रुळलेलं रूप म्हणजे साउंडेक्स. एक अक्षर आणि तीन आकडे, बस्स. कम्प्युटर तेव्हा नव्हताच, हे सगळं कार्डांच्या कपाटांसाठी होतं.

ही युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली ती पुढे १९३०च्या दशकात, आणि त्यामागचं कारण मला फार आवडतं. १९३५ साली अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा कायदा आला. पासष्टीनंतर पेन्शन. पण पासष्टी सिद्ध कशी करायची? कित्येकांकडे जन्माचा दाखलाच नव्हता. मग सरकारने १८८० सालची जुनी जनगणना बाहेर काढली आणि तिची साउंडेक्सप्रमाणे कार्डं करायला घेतली. तीही सगळ्या घरांची नाही, फक्त ज्या घरात दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल होतं तेवढ्याच घरांची. कारण १८८० साली दहा वर्षांचं असलेलं पोर १९३५ साली पासष्टचं होणार! हिशेब बघा. काम केलं ते मंदीत बेकार झालेल्या लोकांनी, सरकारच्या रोजगार योजनेवर. म्हणजे त्यांची रोजगार हमीच म्हणा ना. जनगणनेच्या कारकुनाने आडनावाचं स्पेलिंग कसंही लिहिलेलं असो, म्हातारा माणूस सापडला पाहिजे, यासाठी ही कार्डं होती.

पुढे डोनाल्ड नूथ यांच्या १९७३च्या तिसऱ्या खंडात साउंडेक्सचं वर्णन आलं, मग ते डेटाबेसमध्ये तयार फंक्शन म्हणून येऊन बसलं. ओरॅकल घ्या, मायएसक्यूएल घ्या, एका शब्दात हजर. माझ्यासारख्या प्रोग्रामरला ते फुकट मिळालं. ते कशासाठी बनलं होतं हे मात्र बरोबर आलं नाही.

साउंडेक्स मराठी नावांवर कसं चालतं हे कधी करून बघा. देशमुखमधला एच गळला तरी चालतं, कोड तोच. विठ्ठलमध्ये एक टी लिहा की दोन, फरक नाही. इथवर आपण खूश. पण पहिलं अक्षर तसंच ठेवायचं या नियमापाशी सगळं फसतं. डब्ल्यूचा वामनराव डब्ल्यू ५५६ आणि व्हीचा वामनराव व्ही ५५६, दोन वेगळी माणसं. झाडे हे आमच्याकडचं नेहमीचं आडनाव, ते कोणी झेडने लिहितं तर कोणी जेने. गेले. ज्ञानेश्वर आपण डीने लिहितो, हिंदीवाला जीने लिहितो. तेही गेले. खुद्द वर्धा डब्ल्यूने लिहितात, उद्या कोणी व्हीने लिहिली तर जिल्हाच सापडायचा नाही :)

गंमत म्हणजे देवनागरीत वामनराव एकच होते. डब्ल्यू की व्ही हा प्रश्न आपण निर्माण केला, सिस्टीम रोमनमध्ये ठेवून. आणि त्याचं उत्तर द्यायला लावलं मामाजींना.

आता माझी गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वित्तसंस्थेच्या कामात दोन याद्या जुळवायच्या होत्या, जुन्या सिस्टीमची आणि नव्या. मी लिहिलं: नावाचा साउंडेक्स सारखा, आडनावाचा सारखा आणि जन्मतारीख सारखी, तर माणूस तोच. नाहीतर ती ओळ 'एक्सेप्शन' नावाच्या टेबलात टाका. डेमो छान झाला. बहुतेक ओळी जुळल्या, क्लायंटने पाठ थोपटली. पण त्या एक्सेप्शन टेबलाला स्क्रीनच नव्हता. कोणी मागितला नव्हता, 'नॉट इन स्कोप'. काही महिन्यांनी सपोर्टच्या एका मुलाने विचारलं, या टेबलात ओळी साठतायत, या कोण बघतं? कोणीच बघत नव्हतं. त्या प्रत्येक ओळीमागचा माणूस कुठल्यातरी काउंटरवर उभा राहून 'तुमचं रेकॉर्ड नाही' हे ऐकून घरी गेला असणार. मी रिलीज नोटमध्ये 'नोन लिमिटेशन' म्हणून एक वाक्य टाकलं आणि पुढच्या प्रोजेक्टवर गेलो. बग म्हणावा असं त्यात काही नव्हतं. कोड लिहिल्याप्रमाणेच चालत होता.

असो. हेच सगळं महाराष्ट्राने फार मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. १ जून २०१७ला पुणतांब्यापासून शेतकऱ्यांचा संप पेटला आणि त्याच महिन्यात सरकारने 'छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना' जाहीर केली. ३४,०२२ कोटी रुपये, ८९ लाख शेतकरी, दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज माफ. त्यासाठी शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा, नवराबायकोने मिळून, आधारसकट. बँकांनी आपल्याकडची माहिती वेगळी द्यायची, तिचे रकाने ६६. मग दोन्ही जुळवायचं. अर्ज आले ५६ लाखांहून जास्त. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, पहिली प्रमाणपत्रं वाटली गेली आणि लगेच याद्यांतल्या चुका बाहेर आल्या. अनेक शेतकऱ्यांपुढे एकच आधार क्रमांक, अशीसुद्धा उदाहरणं निघाली. यादी वेबसाइटवरून काढून घ्यावी लागली.

तेव्हा पेपरांत आणि आमच्या कँटीनमध्येही चर्चा एकच, की चूक सॉफ्टवेअरची की बँकांच्या डेटाची. मला वाटतं हा वाद दुय्यम आहे. ज्याच्याकडे कॉम्प्युटर नाही त्याने आधी स्वतःला सिद्ध करायचं आणि न जुळल्यास वाट बघत बसायचं, हे कोडची पहिली ओळ लिहिण्याआधीच ठरलेलं होतं.

याला पुरावा म्हणजे पुढचीच योजना. डिसेंबर २०१९मध्ये 'महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना' आली, दोन लाखांपर्यंतच्या कर्जासाठी. सरकार दुसरं, पण राज्य तेच, बँका त्याच, आणि स्पेलिंगंही तीच. या वेळी अर्जच नाही! बँकांनी माहिती द्यायची, याद्या गावात लावायच्या, शेतकऱ्याने आधार घेऊन जाऊन आपल्या नावापुढची रक्कम बघायची आणि मान्य की अमान्य ते सांगायचं. रक्कम अमान्य असेल तर तक्रार जिल्हा समितीकडे. २४ फेब्रुवारी २०२०ला पहिली यादी आली ती फक्त ६८ गावांची, १५,३५८ खात्यांची. आपल्या भाषेत पायलट. मला यातलं ते 'अमान्य' बटण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. माझ्या एक्सेप्शन टेबलाला जो स्क्रीन नव्हता, तो इथे शेतकऱ्याच्या बाजूने होता.

ही योजना फार थोर होती असं नाही. थकबाकी दोन लाखांच्या वर गेली की माणूस पूर्ण बाहेर, म्हणजे एक रुपया जास्त झाला तरी शून्य. 'लेस दॅन ऑर इक्वल टू' लिहिताना आपला हात थरथरत नाही, हे खरं. आणि अंगठ्याचं काय? कापूस वेचून, विळा चालवून ज्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांना मशीनवर तीनतीनदा अंगठा दाबावा लागतो.

बाहेरच्या देशांत सगळं ठीक असतं असा कोणाचा समज असेल तर ऑस्ट्रेलियाचं 'रोबोडेट' प्रकरण वाचा. माणसाचं वर्षाचं उत्पन्न घेऊन ते पंधरवड्यांत सारखं वाटायचं आणि भत्ता जास्त घेतला असं दिसलं की वसुलीची नोटीस. मोसमी काम करणाऱ्याचं उत्पन्न सगळ्या पंधरवड्यांत सारखं कसं असेल? नसेल तर जुन्या पगाराच्या पावत्या आणून त्याने ते सिद्ध करायचं. २०१९मध्ये ते बंद करावं लागलं, २०२३मध्ये चौकशी आयोगाने त्याचे वाभाडे काढले. तिथेही भागाकार बरोबरच होता.

तर हिंगणीकडे परत. पेटीच्या तळाशी एक घडी घातलेला स्टॅम्पपेपर निघाला. त्यावर मामाजींचं प्रतिज्ञापत्र, की अमुक आणि तमुक स्पेलिंगची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. त्यासाठी सेलूला दोन खेपा, एसटीचं भाडं, लिहिणाऱ्याचे पैसे आणि वेचणीच्या दिवसांतले दोन दिवस. मी घरी आल्यावर कुतूहल म्हणून ही दोन्ही स्पेलिंगं पकडणारी तुलना लिहून बघितली. पहिल्या अक्षरात व्ही आणि डब्ल्यू एकच मानायचे, झेड आणि जे एकच मानायचे, आणि तरीही न जुळलेली ओळ माणसापुढे ठेवायची. शनिवारची एक दुपार लागली, त्यातही चहाचे दोन ब्रेक.

निघताना मामाजी अंगणापर्यंत आले. नातीला यंदा शाळेत घालायचं होतं आणि तिचंही नाव नेमकं 'व'वरून.

"तू इंजिनिअर आहे नं," ते म्हणाले, "मंग सांग, डब्ल्यू का व्ही?"

मी म्हटलं, "आधारवर जे असेल तेच लिहा मामाजी."

"आधार काढाचंच आहे अजून."