शहापूर-मुरबाडचा खासदार आणि भिवंडीची मतं

शहापूर-मुरबाडच्या राजकारणावर संशोधन करायचंय? मग सुरुवात भिवंडीपासून करा. २००८ च्या पुनर्रचनेत भिवंडी लोकसभा मतदारसंघ तयार झाला. त्यात भिवंडी पूर्व, पश्चिम, ग्रामीण, कल्याण पश्चिम, शहापूर आणि मुरबाड आले. म्हणजे शहापूरच्या पाड्यावरचा आदिवासी आणि भिवंडीतला मुस्लिम यंत्रमाग कामगार मिळून एकच खासदार निवडतात.

आता थोडं मागे जाऊ. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवेळी भिवंडीत दंगल झाली. तिची चौकशी न्या. मादन आयोगाने केली. १९८४ मध्ये पुन्हा दंगल झाली. या शहरातले मुस्लिम मतदार आणि शिवसेना एका बाजूला येतील, हे तेव्हा कुणालाही पटलं नसतं. पण २०१९ मध्ये महाविकास आघाडी झाली. २०२४ च्या लोकसभेत ठाकरेंची शिवसेना ज्या आघाडीत होती, तिचे उमेदवार सुरेश (बाळ्यामामा) म्हात्रे यांनी भाजपचे केंद्रीय राज्यमंत्री कपिल पाटील यांना सुमारे ६६ हजार मतांनी हरवलं.

'मुस्लिम मतं एकगठ्ठा फिरली' असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं ना? थांबा. त्याच निवडणुकीत अपक्ष नीलेश सांबरे यांनी दोन लाखांहून जास्त मतं घेतली. त्यांचा हिशोब कुठे मांडणार?

सहाच महिन्यांनी विधानसभा झाली. भिवंडी पूर्वेत आघाडीने जागा समाजवादी पक्षाला सोडली आणि रईस शेख निवडून आले. शेजारच्या पश्चिमेत काँग्रेस, समाजवादी आणि एमआयएम तिघेही रिंगणात होते. तिथे भाजपचे महेश चौघुले जिंकले. मुरबाड भाजपच्या किसन कथोरेंकडेच राहिलं. शहापुरात दोन राष्ट्रवादींमध्येच लढत झाली आणि दौलत दरोडा दोन हजारांहून कमी मतांनी निवडून आले.

मुद्दा असा की अल्पसंख्याक मतदार आघाड्या घडवतात, हे अर्धंच खरं आहे. जागावाटप कसं होतं, त्यावर त्यांच्या मतांचं वजनही ठरतं. कारण आणि परिणाम दोन्ही दिशांनी चालतात.

म्हणून निवडणूक आयोगाचा फॉर्म २० उघडा. त्यात मतदान केंद्रनिहाय मतं मिळतात. पण एक लक्षात ठेवा, ते आकडे केंद्राचे असतात, माणसाचे नाहीत. कुठल्या वस्तीत कुणाला किती मतं पडली, एवढंच त्यातून कळतं. ती कुणी आणि का दिली, हे विचारायला वस्तीत जावंच लागतं.