बालेघाटी बोरे

नगरच्या निजामशाहीचा इतिहास जाणून घ्यावयाचा झाला की आपण प्रथम फिरिश्त्याकडे धाव घेतो. ते योग्यही आहे. हा बखरकार नगरातच वाढला आणि १५८९ मध्ये विजापुरास निघून गेला. लढाया, वारसांचे तंटे, वजिरांची कारस्थाने त्याच्यापाशी हवी तितकी मिळतात. पण त्या दरबाराच्या भोवतालच्या माळावर पिकत काय होते आणि लोक त्याला काय म्हणत होते, हे विचारावयाचे तर माझ्या मते दुसऱ्याच एका ग्रंथाचे दार ठोठावले पाहिजे. तो ग्रंथ गोव्यात १५६३ मध्ये छापला गेला. भाषा पोर्तुगीज, विषय हिंदुस्थानची औषधे आणि फळे, आणि कर्ता एक वैद्य, गार्सिया द ऑर्ता. मी तो वाचला क्लेमेंट्स मार्कहॅमने १९१३ मध्ये केलेल्या इंग्रजी भाषांतरातून.

ऑर्ता १५३४ मध्ये मार्तिम अफोन्सो द सोझा याच्या आरमाराबरोबर गोव्यास उतरला. साल्मांका आणि अल्काला येथे शिकलेला, लिस्बनला अध्यापक असलेला हा मनुष्य पुढे जन्मभर इथेच राहिला. त्याचे पुस्तक संवादरूप आहे. रुआनो नावाचा एक कल्पित वैद्य स्वदेशाहून नुकताच आला आहे. तो ग्रीक-रोमन ग्रंथांचे दाखले देत शंका विचारतो आणि ऑर्ता त्याला उत्तरे देतो. उत्तरे मात्र बहुधा पोथीतली नसतात. परसात फळ असले तर तो मोलकरणीला हाक मारतो. करमळाच्या प्रकरणात अंतोनिया झाडावरून फळे तोडून आणते, रुआनो ती चाखतो, आंबटगोड लागतात म्हणतो, आणि मग अंतोनिया त्यांचा साखरेतला मुरंबाही आणते. नवख्या प्रवाशाला परमुलखातले फळ खाऊ घालण्याची इतकी घरगुती हकीकत त्या शतकातल्या दुसऱ्या कोणत्या पुस्तकात असेल असे मला वाटत नाही. (या फळाचे जगभर चालणारे ‘कारांबोला’ हे नाव मराठी ‘करंबळ’वरून आले, असे इंग्रजी कोशकार सांगतात. ऑर्ता मात्र ते मलबारी लोकांचे म्हणतो, कारण पोर्तुगीजांना हे फळ प्रथम तिथे भेटले. आपल्या भाषेचा मान वाढतो म्हणून मी कोशकारांच्या बाजूने उभा राहणार नाही; ज्याने स्वतः कानांनी ऐकले त्याला आधी बोलू द्यावे.)

आता नगरकडे येऊ. दहावा संवाद बोरांवर आहे. गोव्यातले पोर्तुगीज बोरांना ‘सफरचंदे’ म्हणत. परदेशी फळ समोर आले की मनुष्य त्याला आपल्या घरचे नाव देऊन मोकळा होतो. मलाक्क्यास मी पहिल्यांदा दुर्यान खाल्ला तेव्हा मीही त्याला मनात फणसाचा थोरला, दांडगट भाऊ ठरवून टाकले होते. वास नाकात शिरताच हात आखडला, पहिला घास घशाखाली गेला आणि दुसऱ्याला मी आपण होऊन हात घातला, हेही सांगून टाकतो. ऑर्ताला तेही सुख नव्हते. तो स्वतः मलाक्क्यास गेलेला नव्हता. खाऊन आलेल्यांना विचारून त्याने दुर्यान लिहिला. एका व्यापाऱ्याने मलाक्क्यास येऊन दुर्यानांच्या पायी मालच काय, गलबतसुद्धा खाऊन टाकले, ही थट्टा त्याने टिपून ठेवली आहे. प्लिनीच्या ग्रंथात दुर्यानाचा उल्लेख आहे असे एका गोवेकर गृहस्थाने त्याला छातीठोकपणे सांगितले. ऑर्ताने स्थळ दाखवा म्हटले. गृहस्थांना ते अजून सापडलेले नाही, असेही तो गंभीरपणे नमूद करतो!

बोरांच्या बाबतीत असे ऐकीव काही नाही. तो नावे देतो: कानारी लोक ‘बोर’ म्हणतात, दख्खनी लोक ‘बेर’, मलायी लोक ‘विदारा’. मलायी बोरे गोव्याच्या बोरांपेक्षा बरी, पण बालेघाटच्या बोरांची सर त्यांना नाही; बालेघाटची फार चवदार, असा त्याचा निवाडा आहे. बालेघाट म्हणजे घाटावरचा मुलूख, म्हणजे निजामशहाचा मुलूख, म्हणजे आमच्या नगरचा माळ.

या दोन नावांशी मी पुष्कळ दिवस अडखळलो. नगरचा कुणबी ‘बेर’ म्हणत नाही. बोर म्हणतो, पोराला बोरन्हाण घालतो. मग ऑर्ताने ‘बेर’ कोणाकडून ऐकले? पोर्तुगीजांचे ‘कानारी’ म्हणजे गोव्याच्या परिसरातले लोक, त्यांच्या बोलीत बोरच. घाटावर मात्र त्याचा राबता दरबारी मंडळींत आणि हकिमांत, आणि त्यांच्या तोंडी दख्खनी ‘बेर’. नगरच्या वेशीबाहेर पाटी घेऊन बसलेल्या बाईशी या वैद्याचे बोलणे झाले असते तर त्याने दोन्हीकडे एकच शब्द लिहिला असता, असा माझा तर्क आहे. एका अक्षरावरून माणूस कोठे बसला-उठला ते कळते ते असे.

आणि तो खरोखरच दरबारात बसत-उठत होता. बोरांचे बोलणे संपते न संपते तोच रुआनो म्हणतो, घोड्यावर बसून जरा फिरून येऊ, आणि तुम्ही ज्याचे नाव वारंवार घेता तो निजामशहा कोण ते सांगा. ऑर्ता सांगतो: तो बालेघाटचा राजा, त्याच्या बापाला आपण अनेकदा औषध दिले, कधी कधी त्यालाही. पुस्तक १५६३ चे, म्हणजे राजा हुसेन निजामशहा आणि बाप बुऱ्हाण. या घराण्याकडून आपल्याला वेळोवेळी १२,००० पार्दावांहून अधिक मिळाले, आणि वर्षातले काही महिने येऊन राहिल्यास ४०,००० पार्दाव देऊ केले होते, पण आपण नाकारले, असे तो सांगतो. पुढे दख्खनच्या शाह्यांची नावे निघतात. पोर्तुगीजांनी निजाम-उल्-मुल्कचा ‘निजामालुको’ केला आणि इमाद-उल्-मुल्कचा ‘माद्रेमालुको’. ऑर्ता हे अपभ्रंश असल्याचे सांगून मूळ नावे देतो. इमादशाही, कुतुबशाही, बेरीदशाही, आदिलशाही यांची हकीकत युरोपीय वाचकाला छापील पुस्तकातून मिळाली ती बोरांच्या प्रकरणातून!

चाळीस हजार त्याने का नाकारले? तो कारण देत नाही. ऑर्ताचे आईबाप स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू, पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती झालेले. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायालय बसले. नगरच्या दरबारात अशा माणसाला कोणी त्याच्या आजोबांचा धर्म विचारला नसता. मला वाटते, गोव्यापेक्षा तो तिथे अधिक निर्धास्त राहिला असता. पण गोव्यात त्याची बहीण होती, घर होते, परसातली झाडे होती. मुंबई बेट त्याच्याकडे मक्त्याने होते; तेथल्या त्याच्या एका आंब्याला वर्षातून दोनदा बहर येई आणि कूळ आंब्यांची करंडी गव्हर्नराच्या नजराण्यासाठी गलबतातून घेऊन येई, हेही पुस्तकात आहे.

तो १५६८ मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला धर्मन्यायालयाने जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये ऑर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. पुस्तक तोवर त्यांच्या हाताबाहेर गेले होते. क्लूसियसने १५६७ मध्येच त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला छापला होता, आणि बालेघाटच्या फळांची माहिती युरोपातल्या वैद्यांच्या टेबलावर पोहोचली होती. पणजीस आज त्याच्या नावाची बाग आहे.

नगरला त्याचे काही नाही. थंडीत बाजारात उमराण बोरांचे ढीग लागतात, लांबट, गुळगुळीत, हारीने मांडलेली. कडेला एखाद्या म्हातारीच्या फडक्यावर गावठी बोरे असतात, वाटाण्याएवढी, सुरकुतलेली, जिभेला झिणझिण्या आणणारी. ऑर्ताच्या पुढ्यात आली ती यांतली कोणती असतील? दरबारात मोठीच आली असणार. पण त्याचे मलाक्क्याच्या बोरांना मागे टाकणारे कौतुक वाचताना माझ्या डोळ्यांपुढे दर वेळी ते फडकेच येते.