अनेक समुद्रांवरचे एकच आकाश (थ्रेड)

१८५६-५७ मध्ये गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराची सागरदृश्ये लोकांसमोर आली, तेव्हा पाहणारे थक्क झाले. लाटांचा फेस स्पष्ट आणि वरचे ढगही स्पष्ट! त्या काळी हे जवळजवळ अशक्य होते.

अशक्य का? तेव्हाच्या ओल्या कलोडियनच्या काचेला मुख्यतः निळा आणि अतिनील प्रकाशच जाणवे. समुद्र नीट उमटेपर्यंत थांबावे, तर कागदावर आकाश कोरे पांढरे येई. आकाशासाठी वेळ कमी करावा, तर समुद्र काळोखात बुडे. ल ग्रेने अनेक चित्रांत दोन निगेटिव्ह वापरल्या. समुद्र छापताना कागदाचा वरचा भाग झाकायचा, आकाश छापताना खालचा. सांधा क्षितिजरेषेवर येई, म्हणून तो लपे. गंमत अशी, की तेच ढग त्याच्या एकाहून अधिक समुद्रांवर दिसतात.

पण जिथे अशी सरळ रेषा नाही, तिथे काय करायचे? झाकणाची कड जशीच्या तशी उमटली, तर चोरी पकडली जाणार. म्हणून सूर्यप्रकाशात छपाई चालू असताना झाकण किंचित उंच धरून सतत हलवले जाई. कडेजवळ प्रकाश हळूहळू कमी होत जाई आणि एक चित्र दुसऱ्यात विरघळे. आजच्या फोटोशॉपमधला लेयर मास्क हेच करतो: काळा रंग झाकतो, पांढरा दाखवतो आणि मधल्या करड्या छटा वरचे चित्र अर्धवट पारदर्शक करतात. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ओढलेला ग्रेडियंट म्हणजे ते हलते झाकणच. फोटोशॉपमध्ये लेयर १९९४ मध्ये आले.

या तंत्राचा सर्वांत धाडसी प्रयोग मूळच्या स्वीडिश ऑस्कर रेजलँडरने १८५७ मध्ये इंग्लंडमध्ये केला. ‘जीवनाचे दोन मार्ग’ या चित्रासाठी त्याने तीसहून अधिक निगेटिव्ह एकामागून एक छापल्या. बाकीचा कागद दर वेळी झाकलेला. मँचेस्टरच्या प्रदर्शनात ते झळकले आणि राणी व्हिक्टोरियाने त्याची प्रत विकत घेतली. स्कॉटलंडमध्ये मात्र त्यातल्या नग्नतेवरून वादळ उठले.

पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सनने क्षयाने मरणासन्न झालेली मुलगी आणि तिच्याभोवतीचे कुटुंब दाखवले. निगेटिव्ह पाच आणि मुलगी प्रत्यक्षात निरोगी! तरीही परक्याच्या दुःखात कॅमेरा घुसवल्याचा आरोप झाला. चित्रकाराने हाच प्रसंग रंगवला असता, तर कोणी हरकत घेतली नसती. छायाचित्रात दिसते ते घडलेलेच असते, ही समजूत तेव्हाच इतकी घट्ट रुजली होती. टीकाकारांची खरी अडचण तिथे होती. त्यांना ते चित्र एकाच वेळी असह्य खरे आणि अक्षम्य खोटे वाटत होते.

रेजलँडरने १८५८ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीपुढे आपली सारी कृती उघड केली. प्रामाणिकपणाचा त्याला फारसा लाभ झाला नाही. जोडकामाच्या टीकेला कंटाळून तो पुढे अशा चित्रांपासून दूर झाला. रॉबिन्सन मात्र मागे हटला नाही. १८६९ च्या आपल्या पुस्तकात त्याने ही पद्धत सर्वांसाठी छापून टाकली.