पाणबुड्याची शिट्टी

कुकरची शिट्टी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. आत वाफ कोंडली की शिट्टी उचलली जाते, जादा वाफ निघून जाते आणि कुकर फुटत नाही. काही वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एका मित्राकडे उतरलो होतो, तेव्हा या शिट्टीचं एक लांबचं नातलग पाहायला मिळालं.

मित्र हौशी पाणबुड्या. तिकडचा समुद्र गार, म्हणून तो अंगाला पाणी लागू न देणारा कोरडा पोशाख घालतो. त्याच्या डाव्या दंडावर तो नवी झडप बसवत होता. कापडाला बेताचं भोक पाडून त्याने आतून चकती, मध्ये रबरी वॉशर आणि बाहेरून झडप घट्ट पिळून बसवली. मग गळा आणि मनगटं बांधून पोशाखात हवा भरली, जोडावर साबणाचं पाणी फासलं. एकही बुडबुडा आला नाही, तेव्हा कुठे तो हसला. म्हणाला, "हवा आत घेणं सोपं असतं रे. वेळेवर बाहेर सोडता आली नाही, तर मात्र कठीण!"

या वाक्यामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा अनुभव आहे.

१८२३ साली चार्ल्स डीन याने धुरात शिरण्यासाठी एका हेल्मेटचं पेटंट घेतलं. पुढे त्याने आणि त्याचा भाऊ जॉन याने ते पाण्याखाली नेलं. वरून पंपाने हवा यायची आणि वापरलेली हवा अंगरख्याच्या खालच्या कडेने निघून जायची. उपडा पेला पाण्यात धरावा, तसा हा प्रकार. पेला कलला की पाणी आत! पाणबुड्या वाकला किंवा पडला, तर हेल्मेटात पाणी शिरायचं.

लंडनमध्ये स्थायिक झालेला जर्मन कारागीर ऑगस्टस सीबी याने हेल्मेटला जोडलेला अखंड, बंद पोशाख तयार केला. १७८२ साली पोर्टस्मथजवळ 'रॉयल जॉर्ज' ही युद्धनौका आठशेहून अधिक माणसांसह बुडाली होती. १८३९ ते १८४३ या काळात कर्नल पासली यांच्या देखरेखीखाली तिचे अवशेष काढताना हा पोशाख कसाला लागला आणि उतरला.

पण बंद पोशाखाने नवा धोका आणला. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथून वर येताना पोशाखातली हवा फुगून दुप्पट होते. ती सुटली नाही, तर माणूस फुग्यासारखा वर खेचला जातो. जितका वर, तितकी हवा अधिक फुगते. हात ताठ पसरतात आणि झडपेपर्यंत पोचतच नाहीत. एकदम वर आल्याने रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, हे फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ साली दाखवून दिलं. टप्प्याटप्प्याने वर येण्याची हाल्डेन यांची कोष्टकं आली १९०८ साली. तोपर्यंत कितीतरी पाणबुड्यांनी हा धडा स्वतःच्या शरीरावर गिरवला होता.

म्हणून हेल्मेटाला हवा सोडणारी झडप आली. पायांत हवा शिरून माणूस उलटा होऊ नये, म्हणून काही पोशाखांचे पाय दोरीने आवळले जाऊ लागले. आज ती झडप दंडावर आली आहे. वर येताना हात उंचावला की हवा आपसूक निघून जाते.

त्या संध्याकाळी मित्राने जोड पुन्हा एकदा तपासला. आधी मला ती जादा काळजी वाटली होती. आता वाटत नाही.