डोंगर फोटोत का नाही?

स्मरणिकेसाठी तुम्ही पाठवलेले वर्गाचे जुने फोटो मी सालाप्रमाणे मांडून पाहिले. महापे गावातली आपली शाळा, पण पारसिकचा डोंगर जवळजवळ कुठल्याच फोटोत नाही!

याचे कारण रोलमध्ये आहे. आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्यात १२० चा रोल बसे आणि त्यावर १२ चौकोनी फोटो निघत. पुढे ३५ मिलिमीटरच्या रोलवर ३६ निघू लागले. फोटो कसा आला हे रोल धुतल्यावरच कळणार, त्यामुळे सगळी मांडणी बटण दाबण्याआधी होई. खुर्च्यांवर गुरुजन, पुढे सतरंजीवर लहानखुरे, मागे बाकांवर उंच मुले. फिल्मला ऊन भरपूर लागे, म्हणून फोटोग्राफर सूर्याकडे पाठ करून उभा राही आणि आपण डोळे बारीक करून सूर्याकडे बघत असू. वर्गाचा फोटो सकाळी, प्रार्थनेनंतर. तेव्हा सूर्य डोंगरावरून वर आलेला असे. म्हणजे डोंगर आपल्यासमोर आणि फोटोग्राफरच्या पाठीशी. फोटोत उतरली ती पश्चिम बाजू: एमआयडीसीच्या शेड आणि खाडीकडचे मोकळे आभाळ. कारखान्यांचा इतिहास आपण असा नकळत टिपून ठेवला.

डिजिटल कॅमेरा कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ मध्येच बनवला होता. पण फोटोची मांडणी बदलली ती पाठीमागच्या पडद्यामुळे. १९९५ च्या कॅसिओ क्यूव्ही-१० ला तो होता. फोटो तिथल्या तिथे दिसू लागला, नको तो पुसता येऊ लागला. आता मोबाइल उन्हाविरुद्धही चेहरे उजळ काढतो, तेव्हा डोंगर मागे घ्यायला हरकत नाही. पण सेल्फीत हाताच्या अंतरावरचे चेहरेच सगळी जागा खातात.

फिल्मच्या फोटोंत कला जास्त होती असे मला वाटत नाही, काटकसर होती. शिवाय त्यात कोण कोणाशेजारी उभे राहायचे ते सर ठरवत. खरी मैत्री कोणाची होती, हे मेळाव्याचे मोबाइलवरचे फोटोच जास्त सांगतात.

एक विनंती. प्रिंट काढताना स्टुडिओत बऱ्याचदा कडा कापल्या जात. निगेटिव्हमध्ये त्या शाबूत असतात. घरी जुनी पाकिटे असतील तर संपादक मंडळाकडे द्या. त्यात दुपारी उशिरा काढलेला एखादा वर्गाचा फोटो निघाला, तर त्यात डोंगर असायला हवा.